खारं परस

मितवल्लीनं शेणाची आणखी एक पाटी भिंतीपलीकडे उलटली आणि कान देऊन थांबला.

"टाक, मुडद्या, टाक," पलीकडून इन्शिराह खालाचा आवाज आला. "मेले तरी घर विकायची नाही."

गोठा वाढवायला मितवल्लीला तिचं घर हवं होतं. बाई विधवा, एकटी. परसातली जमीन पाझरानं खारावून पांढरी पडलेली. तिथं गवतही उगवत नसे आणि बाजारातली भाजी तिला परवडत नसे. उपाशी राहण्यापेक्षा शहरात मुलीकडे जाईल, असं त्यानं धरून ठेवलं होतं. ती गेली नाही, तेव्हा त्यानं घाण टाकायला सुरुवात केली.

आपलं शेत सोडून शेण लोकांच्या परसात कशाला, असं त्याची बायको दौलत कुरकुरली. शेताला गोणीतलं खत आहे, म्हणाला तो.

एकदा खाला गच्चीवर चढून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "शेणाचं काही नाही. शेणातच जन्म गेला माझा. कालव्याचा गाळ तेवढा टाकू नकोस. त्या वासानं माझा दमा उसळतो."

त्याच आठवड्यात कालवा उपसला गेला. मितवल्लीनं गाढवगाडी भरभरून गाळ आणला.

मग तिनं भाताच्या कुजक्या पेंढ्याच्या नावानं बोटं मोडली. त्यात विंचू होतात म्हणे. पेंढाही गेला.

गावातली वडीलधारी माणसं मध्यस्थी करायला आली. मितवल्ली थोडा नरमला होता. खालानंच त्यांना दारातून परत पाठवलं. मला कुणाची दया नको, म्हणाली.

थंडी सरत आली तशी एके सकाळी पलीकडून आवाजच आला नाही.

"अबू रिदा, जरा चौकशी करा," दौलत नवऱ्याला म्हणाली.

"चौकशी कसली? म्हातारी बोचकं बांधत असेल."

भिंतीपलीकडे इन्शिराह खाला गुडघ्यांवर बसून ढेकळं फोडत होती. शेजारच्या नइमानं मूठभर माती उचलून दाबली. काळी, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली. मुलूखियाची भाजी इथं कंबरेएवढी होईल, असं तिचं मत पडलं. फक्त कबुतरांची विष्ठा मिळाली असती तर सोन्याहून पिवळं. मितवल्लीच्या कबुतरं पाळायच्या मनोऱ्यात ती ढिगानं पडली होती.

खालानं हात झटकले, घसा खाकरला आणि गच्ची गाठली.

"मितवल्ली, बाबा, हात जोडते. एवढी कबुतरांची विष्ठा मात्र माझ्या परसात टाकू नकोस."