मागची खोली

म्युनिकच्या नव्या फ्लॅटमध्ये पहिलं दूध आपल्या हातानं उतू घालवायचं, असं चंद्राबाईच्या लय मनात होतं. पण "एकच खोली हाय, आई, तू झोपशील कुठं?" असं सांगून वीरधवलनं तिला कराडलाच ठेवलं. खरं तर फ्लॅटची मागची खोली रिकामीच होती.

संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. "दूध उतू घालवलंस न्हवं?"

"व्हय," तो म्हणाला. त्याला तिच्याकडं बघवेना. घरात दुधाचा थेंब नव्हता.

तेवढ्यात करपलेल्या दुधाचा वास आला. वळून बघतो तर शेगडीवर पातेलं, आणि दूध उतू जाऊन फरशीवर ठिबकतंय.

"दिसलं रं," आई हरखली. मग तिचा आवाज बारीक झाला. "आन् मागल्या खोलीत आत्ता गेली, ती माझं लुगडं नेसलेली बाई कोन?"