दाराबाहेरचा मनी प्लांट

“काकू, ही काडीपण सडली बघा.”

उज्वला दारात उभी होती. हात रिकामे, तोंड पडलेलं. प्रेमलाकाकू “अगं बाई, परत?” म्हणाल्या खऱ्या, पण आतून त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

“ये, बस. दुसरी देते. चहा टाकलाच होता मी.”

चहाबिहा काही टाकलेला नव्हता. आधण ठेवायला त्या लगबगीने आत पळाल्या.

काकू गिरगावातल्या चाळीतून कोपरखैरण्याला आल्या होत्या. चाळीत दिवसा दार लावलं तर शेजारीण विचारायची, बरं नाही का गं? इथे दार उघडं ठेवलं तर वॉचमन येऊन विचारायचा, काही प्रॉब्लेम आहे का? यजमान नव्या घरात जेमतेम सहा महिने राहिले आणि गेले. मुलगा सुधीर मस्कतला. दर रविवारी त्याचा फोन यायचा, “जेवलीस ना?” विचारायचा आणि बिल चढतंय म्हणून ठेवून द्यायचा. बाकी आठवडाभर घरात आवाज करायचा तो कुकर.

चाळीतून काकूंनी एक मनी प्लांट आणला होता. जरा वेगळाच, प्रत्येक पान अर्धं हिरवं आणि अर्धं पांढरं. त्याच्या काड्या मुरांब्याच्या बरणीत पाणी घालून ठेवायच्या आणि मुळं फुटायची वाट बघायची, हा त्यांचा उद्योग. मुळं फुटली की वाटायला निघायच्या. पहिल्यांदाच समोरच्या बाई दाराच्या फटीतून गोड हसून म्हणाल्या, “मनी प्लांट असा दिलेला लागत नाही हो काकू. चोरूनच आणायचा असतो.” आणि आतून कडी लागली.

बरं बाई, चोरा! काकूंनी सरळ कुंडीच उचलून दाराबाहेर जिन्यात ठेवली. रोज सकाळी दूध घ्यायला दार उघडायच्या आणि आधी बघायच्या, चोरी झाली का. कसली होतेय? सगळे सभ्य मेले. शेवटी एकदा झाली. एक काडी कुणीतरी नेली होती, गाठीच्या खाली नीट तिरकी कापून. काकूंना कोण आनंद झाला! पुढे कितीतरी दिवस जिन्यात पाऊल वाजलं, की त्या दाराच्या भिंगाला डोळा लावायच्या. पण चोर काही परत आला नाही.

आणि मग वरच्या मजल्यावरची उज्वला आली. साताऱ्याकडची पोर, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नवरा रबाळ्याला कंपनीत, आज दिवसपाळी तर उद्या रात्रपाळी. “मला चोरायबिरायला जमत न्हाई काकू,” ती म्हणाली. “मागायलाच आले.” मग बसली. दोन कप चहा प्यायली, गावाकडच्या म्हशीपासून जावेच्या भांडणापर्यंत सगळं सांगितलं. काकूही इतक्या बोलल्या, की घसा बसला.

निघताना काकूंनी कात्री घेतली. वेलीला पानाच्या बुडाशी गाठ असते. नवी वेल निघते ती त्या गाठीतून. गाठ ठेवून नुसतं पान देठासकट कापलं, तर ते पाण्यात किती का दिवस राहीना, त्याची वेल होत नाही. काकूंना हे चांगलं ठाऊक होतं. पण लागली, तर ही पोर परत कशाला येईल? कात्री गाठ सोडून देठावर चालली.

पोर परत आली. पान सडलं म्हणाली. पुन्हा नेलं, पुन्हा आली. गणपती झाले, दिवाळी झाली. तिने काकूंना वर घरी मात्र एकदाही बोलावलं नाही. तेवढं काकूंच्या मनाला लागलं होतं.

आज चहा झाल्यावर काकूंनी सवयीने कात्री उचलली, तर उज्वलाने त्यांचा हात धरला.

“नको काकू. तुमची वेल पार बोडकी झाली. माझ्या हाताला गुणच न्हाई. आता न्हाई मागायची.”

ती गेली. काकू कुंडीपाशी उभ्या राहिल्या. एक पान धड उरलं नव्हतं. आपल्या स्वार्थापायी पोरीला वाटतंय तिच्याच हाताला गुण नाही, या विचाराने त्यांना कसंतरीच झालं. त्यांनी बरणीतली काडी काढली. चांगल्या तीन गाठींची, पांढरीशुभ्र मुळं फुटलेली. ती घेऊन, गुडघे धरत धरत, त्या पहिल्यांदाच वरचा जिना चढल्या.

“काकू, तुम्ही?” उज्वलाने दार अर्धंच उघडलं आणि अर्ध्यातच उभी राहिली.

“आत नाही येत मी. आधी ऐक. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. मीच मुद्दाम गाठ सोडून कापत होते. लागलं असतं तर तू परत आली नसतीस गं. ही घे. ही लागेल. मग नाही आलीस तरी चालेल.”

उज्वलाने दार पूर्ण उघडलं.

समोरच्या खिडकीत ग्लासांची रांग होती. प्रत्येक ग्लासात एकेक पान, टवटवीत, एकही सडलेलं नाही. आणि त्यांच्यामागे खिडकीच्या गजांवरून एक दांडगी वेल पार छतापर्यंत गेली होती. प्रत्येक पान अर्धं हिरवं, अर्धं पांढरं.

“ती तुमच्या कुंडीतनं चोरलेली,” उज्वला खाली मान घालून म्हणाली. “लगेच लागली, काकू. मग तुमच्याकडं यायला कारणच उरलं न्हाई.”