ब्रेक लागत नव्हता

बाबांनी सायकल स्टँडला टांगली आणि मागचं चाक हाताने फिरवून पाहिलं. मुलगी शेडच्या दारातच उभी होती. शर्यतीहून परतून तास झाला तरी तिने कपडे बदलले नव्हते. गुडघ्यांवरचा चिखल वाळून त्याचे पापुद्रे फरशीवर पडत होते.

"ब्रेक लागत नव्हता म्हणालीस," बाबा म्हणाले.

"हो. खडकाच्या उतारावर. कितीही दाबला तरी गाडी आवरत नव्हती."

"पुढचा की मागचा?"

"दोन्ही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मागचा जास्त."

मोसमातली ही तिसरी शर्यत. पहिलीत ती नववी आली, तेव्हा चिखल फार होता. दुसरीत चौदावी आली, तेव्हा पोट बिघडलं होतं. "अंगणच वाकडं होतं म्हण की," असं त्या दिवशी बाबा म्हणाले होते आणि तीही हसली होती. आज एकविसावी. चढावर ती आजही पहिल्या तिघींत होती. मग तो उतार आला, आणि एकामागून एक पोरी तिच्या अंगावरून गेल्यासारख्या सुसाट निघून गेल्या. त्यातली शेवटची तर गेल्या वर्षी हौसेने हिच्याबरोबर फोटो काढून घ्यायची. खाली पोचल्यावर संघाच्या प्रशिक्षक सरांनी विचारलं, काय झालं, आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "ब्रेक." एकदा निघालेला शब्द मग सगळ्या संघभर फिरला.

बाबांनी चाक काढलं. मागच्या ब्रेकमधले दोन्ही पॅड काढून तळहातावर घेतले आणि खिडकीपाशी गेले. काल सकाळी त्यांनी ते नवेकोरे बसवले होते, तिच्यासमोर. आता नखाएवढी जाडी उरली होती. हे पॅड जिला पकडतात ती चाकावरची पोलादी चकती तापून तापून निळी पडली होती. कारखान्यात तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. लोखंड त्यांच्याशी खोटं बोलत नसे. त्यांनी पॅडवरून अंगठा फिरवला, चकतीवरून फिरवला.

न लागणारा ब्रेक असा झिजत नाही; उतारभर दाबून धरलेला झिजतो. हे तिलाही कळत होतं. सायकल चालवायला तिला त्यांनीच शिकवलं होतं, आणि ती उघडून आतल्या खुणा वाचायलाही.

बाहेर फाटक वाजलं. सर आले. आत न येता दाराच्या चौकटीला हात टेकून उभे राहिले.

"काका, राग मानू नका," ते म्हणाले. "तुमच्या हाताबद्दल कोणी शंका घेणार नाही. पण उतारावर ब्रेक न लागणं म्हणजे जिवाशी खेळ. पोरगी थोडक्यात वाचली. पुढच्या शर्यतीपासून हिची सायकल संघाचा मेकॅनिक बघेल. तुम्ही आता आराम करा."

बाबांची मूठ पॅडवर मिटली. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खरं सांगायला एवढीच वेळ होती, एका वाक्याची.

"बरोबर आहे तुमचं," बाबा म्हणाले. "आता डोळ्यांना पूर्वीसारखं दिसत नाही. ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवा राहिली असेल. माझ्याच हातून राहिली."

"अहो, होतं कधीकधी." सरांचा चेहरा सैल झाला. ते तिच्याकडे वळले. "तू मनाला लावून घेऊ नकोस. यात तुझी काही चूक नव्हती. संघातली जागा तुझीच आहे."

तिने मान हलवली.

सरांच्या गाडीचा आवाज कोपऱ्यावर वळून विरला. धावत गेली असती तर त्यांना फाटकापाशीच गाठता आलं असतं. ती जागची हलली नाही. बाबांनी तेच झिजलेले पॅड पुन्हा जागेवर बसवले, चाक लावलं, बोल्ट आवळला. मग तिला जवळ बोलावून मागच्या ब्रेकची मूठ दाखवली.

"दाबायची नाही आत्ता. मी सांगेन तेव्हा."

त्यांनी जोरात चाक फिरवलं. आऱ्या दिसेनाशा झाल्या.

"दाब."

चाक जागच्या जागी थांबलं.

त्यांनी पुन्हा फिरवलं, आधीपेक्षा जोरात. "दाब."

सगळी सायकल स्टँडवर थरथरली, पण चाक थांबलं.

"लागतो?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं.

"लागतो," ती म्हणाली.

बाबांनी चिंधीने हात पुसले. कोपऱ्यातलं स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं आणि स्वतः हत्यारांच्या पेटीवर बसले.

"मग आता त्या उताराचं सांग."

ती बसली नाही. चाक केव्हाच थांबलं होतं. तिची बोटं मात्र अजून ब्रेक आवळूनच होती, पार पांढरी पडेपर्यंत.