सोळा इकडे, सोळा तिकडे

बाटली जागेवर होती, बाटलीत पाणीही होतं, पण तिच्या तोंडावर बसवलेला कांदा गायब होता. जयंतीने खालीवर, आजूबाजूला, सगळीकडे पाहिलं. मोरीच्या खिडकीत, सोड्याच्या डब्यामागे, तीन दिवस तिने तो जिवापाड लपवला होता. मुळं कशी झकास फुटली होती! आज नऊ वाजता त्यांची टोकं कापून कॉलेजातून आणलेल्या औषधाच्या कुपीत टाकायची आणि थेट कॉलेज गाठायचं, असा बेत होता. नऊला पाच कमी होते.

आता सत्तावन्न सालच्या भर भाद्रपदात, मुलुंडच्या त्या घरात, कांदा म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. चातुर्मास! कांदे नवमीला भजी, थालीपिठं सगळं पोटभर झालं की उरलेसुरले कांदे तिचे सासरे, अण्णा, स्वतः टोपलीसकट खालच्या बिऱ्हाडात देऊन यायचे. तिथून पुढे चार महिने त्यांचं नाक पहाऱ्यावर. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की सांगणार, "तळमजल्यावर कांदा परतताहेत. जरा जास्तच लाल झालाय." आणि नाक कधी चुकायचं नाही. बाकी माणूस निरोगी. पावसाळी हवेने एक दाढ तेवढी दुखायची, म्हणून गालात कायम लवंग. दिवाळी सरली की दाढ आपोआप थांबायची.

जयंती घाटकोपरची. माहेरी कांद्याशिवाय आमटीला उकळी फुटत नसे. वैशाखात लग्न झालं, तेव्हा बी. एस्सी.चं शेवटचं वर्ष बाकी होतं. अण्णांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. "शीक हवं तेवढं. पण घरची रीत मोडलीस, की त्या दिवसापासून कॉलेज बंद." नवरा विद्याधर यावर "हो अण्णा" म्हणाला होता. तो सगळ्यावरच "हो अण्णा" म्हणायचा.

आणि तिकडे बॉटनीच्या सरांनी बजावलं होतं, "कांद्याच्या मुळातली पेशी दुभंगताना स्लाइडवर दिसली नाही, तर जर्नलवर सही नाही. सही नाही तर परीक्षा नाही. आणि कांदा काय हो, कुणाच्याही घरात असतो!" सर ब्रह्मचारी, खाणावळीत जेवणारे. त्यांना काय ठाऊक!

"सूनबाई, जरा बाहेर ये."

संपलं. वाट लागली. जयंती पदर सावरत बाहेर आली. अण्णा पलंगावर बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्रावर पांढरीशुभ्र दाढी लोंबणारा तो कांदा.

"हा कुणाचा?"

खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. "माझा. पण खायला नाही हो अण्णा, देवाशपथ! कॉलेजसाठी."

"का? कॉलेजात खातात?"

मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि भीतीच्या भरात एकदा सुरू झाली ती थांबेचना. मुळाच्या टोकाला पेशी वाढतात. एकीच्या दोन होतात. आत दोऱ्याच्या तुकड्यांसारखे क्रोमोसोम असतात, कांद्यात सोळा. आधी प्रत्येकाचे दोन होतात, मग सगळे मधोमध रांगेत उभे राहतात, आणि जोडीतला एक इकडे जातो, एक तिकडे. दोन्ही घरांत सोळा-सोळा. आणि मुळं कापायची ती नऊच्या ठोक्याला, तेव्हाच पेशी जोरात दुभंगतात.

अण्णा ऐकत होते. तीस वर्षं त्यांनी कोर्टात कारकुनी केली होती, आणि त्यातली निम्मी भावाभावांच्या वाटणीच्या दाव्यांत गेली होती.

"वाटणी करतो कोण?"

"कुणीच नाही. आपली आपण होते."

"एकाला सतरा, एकाला पंधरा, असं?"

"सहसा नाही. झालंच, तर पेशी धड जगत नाही."

"आणि थोरल्याने जास्त मागितलं तर?"

"थोरला नसतोच कुणी."

"कमाल आहे!" अण्णा म्हणाले. कांदा त्यांनी उलटासुलटा करून न्याहाळला. मग घड्याळाकडे पाहिलं. "नऊ वाजले की गं. काप तुझी मुळं. उभी काय राहिलीस?"

जयंतीने कात्री आणली आणि टोकं कापून कुपीत टाकली. बूच लावलं. वर्ष वाचलं! कांदा न चिरताच तिच्या डोळ्यांना धार लागली.

"हा मी लांब नाल्यापलीकडे टाकून येते," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही."

"टाकून?" अण्णांचा चेहरा एवढा पडला, की त्यांना बरं वाटेनासं झालंय की काय, असं तिला वाटलं. "चांगला कांदा टाकून?"

ते उठले. दाराला कडी घातली. कान देऊन जिन्याचा कानोसा घेतला. माई, म्हणजे जयंतीच्या सासूबाई, पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा घालायला गेल्या होत्या. चातुर्मासाचा नेम.

"तुझ्या सासूच्या अजून चाळीस तरी बाकी असतील," अण्णा हलक्या आवाजात म्हणाले. "मीठ आण."

ती मीठ घेऊन आली तोवर अण्णांनी कांदा पाटावर ठेवला होता. त्यांनी एकच बुक्की हाणली. बरोबर मधोमध दोन भकलं झाली. दोन्ही त्यांनी तळहातांवर तोलून पाहिली आणि एक तिच्यापुढे धरलं.

"सोळा तुला, सोळा मला. खा लवकर."

मग बंडीच्या खिशातून एक पुडी काढून त्यांनी दोन लवंगा मोजल्या, आणि एक तिच्या हातावर ठेवली.

"आणि ही गालात धर. कुणी विचारलंच, तर दाढ दुखते म्हणायचं. चालतं ते या घरात."