रिकामं कासव

परदेशात, मनुरेवा या उपनगरात, सुरुचीच्या बाळाची नाळ पडली, तेव्हा शेजारची लोरेटा चामड्याची दोन छोटी कासवं घेऊन आली. ती अमेरिकेतल्या लाकोटा जमातीची. कासवांच्या पाठीवर साळिंदराच्या रंगवलेल्या काट्यांची नक्षी तिने स्वतः शिवली होती.

“एकात नाळ ठेवून शिवून टाक. दुसरं रिकामंच राहू दे. बाळाला न्यायला काही आलंच, तर ते रिकाम्यापाशी फसतं.”

सुरुचीने दोन्ही पाळण्याला बांधली.

शनिवारी दुपारी रिकामं कासव उसवलेलं दिसलं.

“यतीन, हे तू उसवलंस?” तिने नवऱ्याला विचारलं.

“नाही गं. मी हातही लावला नाही.”

तो सुईदोरा शोधायला आत गेला.

नाळेच्या कासवाचा एक टाका तिच्यादेखत तुटला. मग त्याच्या शेजारचा. सुरुचीने ते कासव मुठीत घट्ट आवळलं.

मुठीच्या आत तिसरा टाका तुटला.