डोंगराची वाट

"पोवाड्यात कारभारी नावाचा गडी फितूर, अन् ओवीत तोच भाकरी पोचवणारा. असं कसं, बाबा?" शुभांगीनं विचारलं.

रंभाजी शाहीर पानाला चुना लावत हसले. सेनापती आसारामच्या बंडखोर तुकडीतले तेवढे एकटेच वाचलेले. कुणीतरी वाट दाखवली अन् गोऱ्यांच्या पोलिसांनी डोंगरातल्या गुहेला वेढा घातला, सगळे गेले. पुढं यांनी रचलेला पोवाडा अख्ख्या पारनेर तालुक्याला पाठ झाला. बाकीच्या शाहिरांनीही तोच उचलला. तेच शौर्य, तेच बलिदान, अन् तोच फितूर.

"बाईमानसाच्या ओव्याचं काय घिऊन बसलीस पोरी? साठी बुद्धी नाठी," ते म्हणाले.

शुभांगी एम.ए.साठी सेनापतीची गाणी ताडून बघत होती, हे खरंच. पण तो कारभारी म्हणजे आपला आजा, हे तिनं इथं सांगितलं नव्हतं. तिच्या घराला गाव अजून 'फितुराचं घर' म्हणे. त्यापायी धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न परवाच मोडलं होतं. तो डाग पुसायला ती नगरहून एस.टी.नं इथवर आली होती.

शाहिरांच्या पत्नी बनुबाई जात्यापाशी पाय पसरून बसल्या होत्या.

"आजी, ती ओवी पुन्हा म्हणता?"

बनुबाईंनी खुंट्याला हात घातला.

"सेनापती आसाराम, डोंगराचा गं वाघ,
भाकर नेई कारभारी, तुडवून गं आग.
गडी सारे सांगते मी, नावानावानं गं बाई,
ज्यानं दावली गं वाट, त्याचं नाव ओठी न्हाई."

"नाव आठवत नाही का?"

"आठवतंय की."

"मग सांगा ना, आजी! आमच्या घरावरचा डाग जाईल हो!"

बोलून गेली अन् तिनं जीभ चावली. शाहिरांचा पानावरचा हात थांबला.

"कारभारीची नात व्हय तू? तरीच म्हनलं. नाक त्याचंच हाय."

ते सावकाश उठले. दार लोटून आतनं कडी घातली.

"वारं लई सुटलंय," ते म्हणाले.

अंगणातल्या लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं. शुभांगीनं कडीकडं पाहिलं. तरी ती बनुबाईंच्या कानाशी वाकली.

"आजी, कुणाला भिता?"

"भेत न्हाई गं," बनुबाईंनी पदर सारखा केला. "पर नवऱ्याचं नाव बाईमानूस घेतं का कधी?"