सात खुणा

पवनचक्क्यांच्या पहिल्या रांगेशी येताच धाकू पावसेच्या होडीचं सरकारी इंजिन आपोआप बंद पडलं.

“राखीव वीजक्षेत्र, मासेमारीस मनाई,” इंजिनातून आवाज आला. “हद्द धाकू पावसे यांनी दाखवलेल्या खुणांनुसार.”

धाकूने समोरचे खांब मोजले. सर्वेक्षणाच्या मॅडम म्हणाल्या होत्या, “काका, मासळीच्या जागा दाखवा, तेवढ्या सोडून खांब रोवू.” त्याने बाबांकडून मिळालेल्या सातही जागांच्या खुणा दाखवल्या. आता सातही जागी खांब होते.

धाकट्या भावाने, गोमाने, हातातलं जाळं खाली टाकलं.

“वीस वर्षं तुझ्याबरोबर जाळं ओढतोय, दादा. त्या खुणा मला कधी सांगितल्या नाहीस. बाबांनी मरताना शपथ घातलीय, म्हणालास. आणि त्या मॅडमनी नुसतं काका म्हटलं, तर सांगून मोकळा झालास?”